खडा टाकून पाहणाऱ्या बाई

प्रौढांच्या वर्गात एकाच बाकावर बसता बसता माझी या बाईंशी ओळख झाली. सगळे त्यांना खडेवाली म्हणत. त्या ओढ्यात मासे धरून विकत असत. परंतु त्यांची रीत निराळी होती. काठावरच्या झाडाचे पिकलेले फळ पाण्यात पडले की मासे त्यावर तुटून पडतात. बाई टिचकीने पाण्यात खडा उडवत. आवाज हुबेहूब फळाचा येई, मासे फसत आणि वरून जाळे पडे. ही विद्या त्यांना सासूबाईंनी दिली होती.

यजमान गेल्यावर धाकट्या दिरांनी ओढ्याकाठच्या शेताच्या वाटणीचा विषय काढला. ओढ्याच्या वरच्या अंगाला लोकांनी काठापर्यंतचे रान तोडून शेते केली होती. दिरांच्याही मनात तेच होते.

"वहिनी, सावलीत पीक धरत नाही. काठ मोकळा केला की शेत वाढेल. मासे काय, पाणी आहे तोवर राहतीलच."

"पाणी तिकडे वरही आहे, भावोजी. चला, खडा टाकून पाहू."

"तुमचा सगळा जन्मच खडे टाकण्यात गेला," दीर हसले.

"आणि तुमचा ते मासे खाण्यात."

बाईंनी त्यांना प्रथम वरच्या अंगाला नेले. तेथे ऊन थेट पाण्यावर पडत होते. पाणी हाताला कोमट लागले. शेतांतून वाहून आलेल्या गाळाने तळाचे दगड बुजले होते. ज्यांच्या खाचांत मासे अंडी घालत, ते दगडच दिसेनात. बाईंनी टिचकी मारली. टप्. वर्तुळे उमटली आणि विरून गेली. दुसऱ्या खड्याला गाळातला एक करडा मासा जरासा वळला, इतकेच.

"इथं फळ पडतच नाही. मग हा आवाज कशाचा, हे इथल्या पिल्लांना कोण सांगणार?" बाई म्हणाल्या.

मग दोघे खाली, आपल्या झाडांखाली आले. तेथे पाणी गार होते आणि तळाचा दगड न् दगड मोजता येत होता. मासा मात्र एकही दिसत नव्हता. बाईंनी खडा उडवला.

टप्.

आणि रिकामे वाटणारे ते पाणी जागे झाले. मुळांच्या जाळीतून पट्ट्यापट्ट्यांचे मासे निघाले, दगडांखालून मिशांचे आले, दगडाला चिकटून बसलेले चपटे सुटले, आणि त्या सर्वांच्या वर काचेसारख्या पारदर्शक पिल्लांचा ढग तरंगू लागला. बाईंनी हे हजारदा पाहिले होते. तरीही त्या पुढे वाकून पाहत राहिल्या.

"एवढे सगळे इथंच होते?" दिरांचा आवाज आपोआप खाली आला होता.

"तुम्ही बोलत होता, म्हणून लपले होते."

"मग जाळं टाका की, वहिनी."

"आज जाळं आणलंच नाही."

दीर पाण्याकडे पाहत उकिडवे बसले. त्यांनी स्वतः एक खडा उचलला, परंतु टाकला नाही. तेव्हा बाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "शेत सगळं तुम्ही घ्या, भावोजी. मला एवढा काठ द्या."