पक्का?

चंदीगडच्या आमच्या सेक्टरच्या लायब्ररीत उन्हाळ्यात पुस्तक वाचून संपवलं की मुलांना एक रोप मिळे. देणारे बाबूजी "पक्का पढ़ा?" असं विचारल्याशिवाय कुंडी हातात ठेवत नसत. फौजी मुलांची रोपं मात्र ते स्वतःकडेच ठेवून घेत. मला ते खटकायचं.

आम्हीही फौजीच; बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी लेकीचं रोप मागायला गेले. मागच्या व्हरांड्यात नावं लिहिलेल्या कुंड्या होत्या. बदली होऊन गेलेल्या मुलांची वेगळी रांग होती. त्यातली काही झाडं माझ्या खांद्याला लागत होती.

"ट्रक में मर जाएगा जी," ते म्हणाले. "बिटिया देखने आएगी?"

"पक्का," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि लेकीची कुंडी उचलून त्या उंच झाडांच्या रांगेत ठेवली.