मेथीचं पानी अन् बॅटरीचं पानी

थांबा, हे आत्ताच सांगावं लागते, नाई तर रात्रभर डोक्यात घुमन.

आर्वीजवळ आमचा भाजीचा मळा आहे. डिप्लोमा झाल्यावर मी गाड्यांच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात ट्रेनिंगसाठी अर्ज केलता. त्या दिवशी बाबा टाक्यावर मेथीच्या जुड्या धुवून राह्यलते अन् मी बाजूले उभी राहून सांगून राह्यली, बॅटरीच्या गाडीले धूर नाई, काईच घाण नाई. पावडर रसायनात कालवतात, पातळ पत्र्यावर लेप देतात, लांबच लांब भट्टीत वाळवतात. वाळवतानी उडालेलं रसायन पकडून परत वापरतात.

बाबाईनं जुडी झटकली. "अन् कालवायचं भांडं धुतलं, की ते पानी कुठं जाते?"

आमच्याकडं मेथी धुतलेलं पानी नालीनं धोप्याच्या, म्हंजे अळूच्या, वाफ्यात जाते, त्याच्याच पानाच्या वड्या आम्ही खातो. म्हनून त्याईले आधी हेच सुचलं.

मग फोनवर मुलाखत झाली. शेवटी कारखान्याच्या मॅडमनं विचारलं, तुला काही विचारायचंय का. लोकं सुट्ट्या विचारतात. माह्या तोंडून निघालं, भांडे धुतलेलं पानी कुठं जाते?

मग त्या म्हनाल्या, शुद्ध करायचा प्लांट आहे, अन् रसायन न घालता कोरडाच लेप द्यायची पद्धतही करून पाहून राह्यले. "पण शेवटी ते पाणी नेमकं कुठे सोडतात, ते मलाही माहीत नाही. विचारून सांगते."

फोन ठेवला तं माय म्हने, "नोकरी मांगाले बसली होती का धाड टाकाले?"

मले वाटलं, गेलं सगळं. दोन घास गिळले नाई.

अन् आत्ता मेसेज आला. निवड झाली! मी अंगणात नाचली. बाबाईनं चष्मा लावून मेसेज दोनदा वाचला.

"याच्यात पान्याचं कुठं आहे?"

नव्हतंच. नाचणं तिथंच थांबलं. बाबा नाई म्हनतीन, असंच वाटलं मले. त्याईनं मोबाईल परत देल्ला.

"जाजो. पन गेल्यावर आधी ते पाहजो, अन् मले खरं सांगजो."

बॅग भरून राह्यली आता. खुश आहे, लय खुश आहे. पन वाईट दिसलं तं फोनवर बाबाले काय सांगू, हे कपड्यायच्या घड्यायसोबत आत बसलं आहे.

तुमच्या खुशीत घरच्याचा एखादा प्रश्न असा येऊन बसला का कधी? मंग तुम्ही काय केलं?