थेंबेकाकांचं ‘जमलं’

त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. एकोणतीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत एकच काम केलं: काचेच्या नळीतून बाटलीत पाणी सोडायचं, थेंब थेंब. म्हणून थेंबेकाका. “काय काका, साचलं का तळं?” असं कुणी चिडवलं की म्हणत, “तळं कशाला रे बाबा, चमचाभर साचलं तरी पुरे!”

काम ऐकायला सोपं. करून बघा म्हणजे कळेल! बाटलीत असायचे ते प्रयोगशाळेत बनवलेले रेणू झाडासारखे, फांदीला फांदी आणि त्या फांदीला आणखी फांदी. त्यांचा अर्धा भाग पाण्याला आसुसलेला, तर अर्धा पाण्याचं नाव काढलं की तोंड फिरवणारा. पाणी सावकाश आलं तर हे रुसके भाग आत दडतात, बाकीचे बाहेर उभे राहतात आणि शेकडो रेणूंचा एक गोळा आपला आपणच तयार होतो. त्याच्या पोटात औषध भरून रोग्याच्या शरीरात पोचवायचं, हा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा ध्यास. पण घाई केलीत की सगळा पांढरा गाळ, बसा बोंबलत.

हे गोळे डोळ्यांना दिसत नाहीत. ते झाले की बाटली फक्त किंचित निळसर होते. ती निळाई काकांना सगळ्यांच्या आधी दिसे. मग ते हळूच म्हणत, “जमलं.” तो शब्द आल्याशिवाय तिथे कुणी पुढचं पाऊल टाकत नसे.

आणि चार महिन्यांपासून काकांचा उजवा हात थरथरत होता. हे वाढत जाणार, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. घरी काका चहा अर्धा कपच मागू लागले. कामावर डाव्या हाताने उजवं मनगट धरून वेळ मारून नेत.

“अहो, बाईंना सांगून टाका एकदाचं,” बायको रोज म्हणे.

“आणि घरी बसू? हातच गेला तर माझ्यात उरलं काय?” काका तिच्यावरच डाफरत. घाबरलेला माणूस दुसरं काय करणार!

त्यातच बाईंनी अरुंद बाटल्या काढून रुंद तोंडाच्या मागवल्या. “चांगल्या होत्या की जुन्या!” काका कुरकुरले, पण मनातून त्यांना हायसं वाटलं.

मग चिमणीचा दिवस आला. चिमणी म्हणजे बाईंची विद्यार्थिनी, सारखी चिवचिव करणारी. सात महिने खपून तिने असल्याच रेणूंचा चिमूटभर पदार्थ बनवला होता. तो बिघडला तर पुन्हा सात महिने. त्या दिवशी तिची चिवचिव बंद होती.

“तुम्ही आहात म्हणून धीर आहे, काका,” ती म्हणाली.

काकांनी नळी उचलली. पहिला थेंब नीट पडला. दुसऱ्याला मनगट उडालं आणि दोन थेंब एकदम पडले. बाटलीत पांढरी रेघ उमटली. नशीब, ती विरघळून गेली. काकांनी चिमणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नळी खाली ठेवली.

“बाई, माझा हात थरथरतो. चार महिने झाले. मी लपवलं.” ते पलीकडच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाईंकडे वळले होते. “या पोरीचं वाटोळं नाही करणार मी.”

बाई जवळ आल्या. “काका, रुंद तोंडाच्या बाटल्या मी कुणासाठी मागवल्या असं वाटलं तुम्हाला? तुम्ही कधी सांगताय, याचीच वाट बघत होते. थेंब चिमणी सोडेल. निळं कुणाला दिसतं इथे, तुमच्याशिवाय?”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्यांनी चष्मा लावला आणि बाटलीशी वाकले. “हं, सोड. थांब. आता एक. अगं हळू, पळत नाही पाणी!” तासभर हेच चाललं.

“आणखी एक?” चिमणीने विचारलं. तिला काहीच दिसत नव्हतं.

“नको.” काका बाटलीकडे बघत राहिले. “जमलं.”

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, “सांगायला जमलं का?”

“जमलं. उद्यापासून नळी पोरीच्या हातात, बाटली माझ्या डोळ्यांपुढे.” ते खुर्चीत टेकले. “आणि आज चहा कप भरून दे.”

“सांडेल हो.”

“सांडू दे.”

सांडलाच. बशीत आला तेवढा तिने पिऊन टाकला.