जाड्या आवाजाची गाणी

माझ्या मैत्रिणीचा आवाज लहानपणापासूनच जाड होता. दाराआडून तिनं "कोण आहे?" असं विचारलं, की बाहेरून दूधवाला म्हणायचा, "दादा, दूध घ्या." ती दार उघडायची, आणि तो ओशाळून मापाकडं बघत राहायचा. औरंगपुऱ्याच्या मागं आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. तिच्या अब्बांचं सिटी चौकात घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. माझे वडील शिक्षक. आम्ही दोघी एकाच मराठी शाळेत, एकाच बाकावर.

सातवीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतासाठी बाईंनी मुली निवडल्या. तालीम सुरू झाली आणि बाई दोनदा थांबून कान देऊन ऐकू लागल्या. मग तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुझा आवाज सगळ्यांत वेगळा पडतो गं." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी तिला पडदा ओढायचं काम दिलं. कार्यक्रमाच्या दिवशी तिनं पडदा अगदी वेळेवर ओढला. 

त्याच वर्षी उन्हाळ्यात तिचे मामू जेद्दाहून आले. येताना त्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि त्याच्यासोबत कॅसेटची एक पिशवी. कव्वाल्या होत्या, सिनेमाची गाणी होती, आणि एका कॅसेटवर पॉप गाणारी एक बाई होती. तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण आम्ही दोघींनी ते कधी घेतलंच नाही. आमच्यासाठी ती फक्त 'आपली' होती. रेडिओवर लागली, की एकीनं भिंतीवर थाप मारायची. थाप ऐकली, की 'आपली लागली' हे दुसरीला कळायचं.

पहिल्यांदा ती कॅसेट लावली तेव्हा माझी आई तिकडंच बसलेली होती. ती म्हणाली, "ही बाई हाय का बाप्या?" सगळे हसले. माझी मैत्रीण तेवढी हसली नाही. ती टेपच्या अगदी जवळ सरकून बसली. बाईचा आवाज इतका खाली जाऊ शकतो, त्यासाठी लोक पैसे देऊन कॅसेट घेतात, हे तिला त्या दुपारी कळलं असावं. तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा सुटका जास्त होती.

त्या कॅसेटमधली तीन गाणी आमची लाडकी. एक जलद, भरपूर ट्रम्पेटचं, ते माझं. दुसऱ्यात ती कुणालातरी सोडायला स्टेशनवर जाते आणि गाडी निघून गेल्यावरही फलाटावर उभी राहते. तिसरं इंग्रजीत होतं. त्यातला एकही शब्द आम्हाला कळत नव्हता. त्याची चाल वरून सुरू व्हायची आणि प्रत्येक ओळीला थोडी थोडी खाली यायची, म्हणून त्याला आम्ही उतरणीचं गाणं म्हणायचो. शेवटची ओळ इतकी खोल जायची, की माझा आवाज तिथं नुसता हवेसारखा निघायचा. तिचा मात्र तिथंच भरायचा. खाली उतरता उतरता तो घट्ट आणि गोल होत जायचा.

एकदा संध्याकाळी अब्बा दुकानातून आले आणि बाहेरूनच ओरडले, "वो टेप बंद करो, अजान होनेवाली है." अम्मी आतून म्हणाली, की टेप कुठला, लाइट तर दुपारपासून गेलीय. अब्बा चपला न काढता तसेच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि लेकीकडं बघत राहिले. मग परत फिरले. पुढं कधी त्यांनी तिला गायला मना केलं नाही, आणि गा असंही म्हटलं नाही.

तिचं लग्न पाचोडला झालं. नवरा उर्दू शाळेत मास्तर. मी त्यांना दुल्हेभाई म्हणते. मी बँकेत लागले, सिडकोत राहायला गेले. पाचोडला लग्नकार्यात बायका ढोलक घेऊन बसल्या, की तिला बोलावणं यायचं. तिच्या जाड्या आवाजामुळं गाणं धरून राहतं, असं बायका म्हणायच्या. पण 'आपली'ची गाणी ती तिथं गायची नाही. ती तिनं माझ्यासाठी ठेवली होती. माहेरी आली, की आम्ही गच्चीवर बसायचो, आणि उतरणीचं गाणं झाल्याशिवाय खाली यायचो नाही.

दुल्हेभाई रिटायर झाल्यावर ते दोघं शहरात आले, रोशन गेटजवळ राहू लागले. काही वर्षं चांगली गेली. मग तिचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग ॲलर्जी म्हणून गोळ्या. जाडा आवाज असल्यामुळं तो बिघडलाय हे घरच्यांनाही लवकर कळलं नाही. फोनवर ऐकून मी म्हणाले, "हा तुझा आवाज नाही. मोठ्या डॉक्टरला दाखव." तपासणीत स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. तोही बराच पसरलेला.

डॉक्टर बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं. आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल. गळ्याला समोर भोक राहील आणि श्वास तिथूनच चालेल. जेवता येईल, चालता-फिरता येईल, नंतर मशीन लावून बोलता येईल. आवाज परत येणार नाही. तिनं एकच विचारलं, की ऑपरेशन नाही केलं तर? बाईंनी तेही स्पष्ट सांगितलं. मग म्हणाल्या, घरच्यांसाठी तुमचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, बरेच जण ठेवतात.

भरती व्हायच्या आदल्या दुपारी तिनं मला बोलावलं. मी गेले तेव्हा ती गवार निवडत होती. आम्ही आतल्या खोलीत बसलो. दुल्हेभाई बाहेर दिवाणावर पेपर वाचत होते. मी मोबाइल काढून मध्ये ठेवला. तिनं तो उचलला आणि माझ्या पर्समध्ये परत टाकला.

"रेकॉर्ड-बिकॉर्ड नको," ती म्हणाली. "हा फाटलेला आवाज ठेवून काय करू? तू ऐक फक्त."

मग ती गायली. आवाज खरखरत होता, श्वास पुरत नव्हता. माझं जलद गाणं तिनं अर्धं म्हटलं आणि सोडून दिलं. स्टेशनचं पूर्ण म्हटलं. उतरणीचं सुरू केलं, तेव्हा वरचे सूर लागलेच नाहीत. पहिल्या ओळी नुसत्या बोलल्यासारख्या गेल्या. पण चाल खाली येत गेली तसा आवाज सापडत गेला, आणि शेवटच्या ओळीला तो होता. पूर्वीसारखा नव्हता, पण तिचा होता. गाणं संपल्यावर तिनं गवारीचं ताट परत मांडीवर घेतलं. मी तिला मदत करू लागले. आम्ही दोघी रडलो नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

निघताना दुल्हेभाई मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. पेपर अजून हातात होता. म्हणाले, "तुम्हाला वाटत असंल, मला ही गाणी माहीत नाय. पाचोडला ती न्हाणीत गायची. मी रेडिओ बंद करून बसायचो. तिला कधी सांगितलं नाय. सांगितलं असतं तर गायची थांबली असती."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. त्यानंतर रेडिएशनचे शेक झाले. ती पाटीवर लिहून बोलायची, पण थोडंच. गळ्यावर पातळ कापड बांधायची. नातेवाईक आले, की तिच्याऐवजी दुल्हेभाईंशीच बोलायचे, जणू बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही. घरात गाणं लागत नव्हतं. शेजारी कुणी लावलं तर दुल्हेभाई उठून खिडकी लोटायचे. मीही तिच्याकडं जाताना मोबाइलची रिंगटोन बंद करून जायचे. असं करायला तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्हीच परस्पर ठरवलं होतं.

वर्ष उलटल्यावर एकदा मी तिला तपासणीला नेत होते. रिक्षा जालना रोडला सिग्नलवर थांबली होती. रिक्षावाल्यानं एफएम लावला होता, आणि निवेदक जुन्या गाण्यांविषयी काही बोलत असतानाच मागं ते सूर सुरू झाले. उतरणीचं गाणं. मी पुढं वाकून म्हणाले, "भाऊ, ते बंद करा." तिनं माझा हात धरला आणि जोरात मान हलवली. बंद करू नको.

ती सरळ बसली. तिचे ओठ हलू लागले. आवाज अर्थातच नव्हता. पण मी बघत होते तिच्या गळ्यावरच्या कापडाकडं. गाण्यात जिथं श्वास घ्यायचा असतो तिथं ते आत ओढलं जात होतं, आणि ओळ जितकी लांब तितका वेळ हळूहळू बाहेर फुगत होतं. एकही जागा चुकली नाही. शेवटच्या लांब ओळीला तिनं श्वास शेवटपर्यंत पुरवला. सिग्नल सुटला, मागची वाहनं हॉर्न वाजवत होती, आणि रिक्षावाला आरशातून तिच्याकडं बघत होता. 

हॉस्पिटलच्या दारात उतरल्यावर तिनं पर्समधून बोलायचं मशीन काढलं. ते मिळून बरेच महिने झाले होते, पण ती ते माणसांत वापरत नव्हती. गळ्याला लावून ती म्हणाली, "तुम्ही लोकं मला ऐकू का देत नव्हता?" आवाज सपाट, यंत्रासारखा होता.  मग मशीन पर्समध्ये ठेवून ती आत चालू लागली.

आता तिच्या घरी गाणी लागतात. ती कधी कधी डॉक्टर बाईंच्या सांगण्यावरून, ऑपरेशन व्हायचं असलेल्या बायकांना भेटायला जाते. मागच्या वेळी मी सोबत होते. देवगाव रंगारीची एक शेतकरी बाई होती, ऑपरेशनला तयारच होत नव्हती. मशीनचा आवाज ऐकून ती दचकली, पदर तोंडाशी नेला. मग हळूच म्हणाली, "मला मुकं व्हायचं भ्या नाय. घरचे मला इचारायचं सोडून देतील, त्येचं भ्या हाय."

माझ्या मैत्रिणीनं घाई केली नाही. मशीन गळ्याला लावून म्हणाली, "व्हय, सोडतात. मग आपण त्यांना हाताला धरून आपल्याकडं वळवायचं. लई दिवस लागतात."

त्या बाईनं बराच वेळ तिच्या गळ्यावरच्या कापडाकडं बघितलं आणि विचारलं, हे कुठं मिळतं, का घरीच शिवायचं. मैत्रिणीनं गाठ सोडून कापड तिच्या हातात दिलं, शिवण दाखवली. नंतर आम्ही खाली कँटीनला गेलो. ती चहा आता फार सावकाश पिते. मी माझा संपवून तिच्यासाठी थांबले.