दुसऱ्या झाडाचं फूल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. रत्नागिरीच्या कॉलेजातल्या एका वाळवलेल्या नमुन्यावर मी खोटं फूल चिकटवलं होतं.

सन पन्नासनंतरची गोष्ट. मी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. देवराईतल्या पऱ्याकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, कुजलेल्या पाल्यात, आमच्या सरांना जमिनीवर वाढणारं एक ऑर्किड दिसलं. सरपटणारं खोड, मखमली काळपट तांबूस पानं आणि त्यांवर सोनेरी शिरांची जाळी. जेमतेम एक रोप.

मी लगेच पुस्तकातलं नाव ठोकून दिलं. सर हसले. "अरे, जरीची टोपी घातली म्हणून कोणी नवरदेव होतो का? असली पानं तीन-चार वंशांत सापडतात. फुलाचा ओठ, म्हणजे ती वेगळी दिसणारी पाकळी, बघायचा. त्याला झालर आहे का, मागे नळी आहे का, ते बघायचं. मग नाव. फुलेपर्यंत हात लावू नकोस."

मी लावला. परीक्षेच्या संग्रहात ते माझ्या नावावर हवं होतं. एकटा जाऊन मुळासकट उपटून आणलं. कळीसुद्धा नव्हती. मग घाबरलो. पऱ्याच्या खालच्या अंगाला साध्या हिरव्या पानांचं दुसरं ऑर्किड फुललं होतं, त्याचा तुरा तोडला. वाळल्यावर सगळीच फुलं चहाच्या चोथ्यासारखी दिसतात. जोडावर कागदाची पट्टी चिकटवली आणि सरांना म्हटलं, फुललेलंच मिळालं.

सरांनी एक फूल गरम पाण्यात भिजवून भिंगाखाली उघडलं. पट्टी सोडवून बघावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. नमुना त्यांच्या विद्यार्थ्याने आणला होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पान एका वंशाचं, फूल दुसऱ्याचं. हे कुठेच बसत नाही रे. नवीनच आहे."

तेव्हाच बोलायला हवं होतं.

त्यांनी बाहेरच्या जाणकारांना लिहिलं. उत्तर आलं, दुसरा नमुना पाठवा. मग दर माघात सर गुडघ्यांवर रांगत पाला बाजूला करायचे आणि मी डबा धरून उभा. पास होऊन नोकरीला लागलो, तरी माघात त्यांच्याबरोबर जायचो. देवळाचा गुरव चिडवायचा, "मास्तर, दरसाल येताव, काय पुरून ठेवलाव काय हितं?" सर मोठ्याने हसायचे. मी पाण्याकडे बघायचो.

चौथ्या वर्षी जाणकारांनी कळवलं, नमुना विश्वासार्ह वाटत नाही. सरांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. "माझंच बघणं चुकलं असणार," एवढंच म्हणाले. त्यानंतर कोणी झाड घेऊन आलं की ते हातातही घेत नसत. "दुसऱ्या कोणाला दाखव रे."

सर आता गुहागरला असतात. फार थकलेत. मी वर्षातून एकदा जातो, सुपारीच्या बागेत बसून तब्येतीचं विचारतो आणि परततो. त्यांचं बघणं बरोबर होतं, हे त्यांना तोंडावर सांगणं मी अजून देणं लागतो.