एक वाटा जास्तीचा

विलेपार्ल्याच्या ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरीला लागलो, तिथे पश्चिमेच्या खिडकीत दुपारनंतर बराच वेळ ऊन असायचं. परत आलेल्या पुस्तकांपैकी काही मी त्या उन्हात उघडी करून ठेवत असे. वरिष्ठांना वाटायचं, नवा मुलगा मन लावून पुस्तकांची कसर घालवतो आहे. खरं कारण वेगळं होतं. त्या पुस्तकांना सुक्या मासळीचा वास यायचा, आणि एका वाचकाने तशी तक्रारही केली होती.

ती पुस्तकं नेणारी मुलगी एकच होती. गोराईहून खाडी ओलांडून यायची. पहाटे आईबरोबर बसून जवळा निवडायचा, लिंबाने हात धुवायचे, आणि मग कॉलेज. पुस्तक उघडलं की आधी लिंबाचा वास यायचा आणि पाचसहा पानं उलटल्यावर जवळ्याचा. कोणत्या पानावर ती जास्त वेळ थांबली असेल हे मला कळतं, असं मला तेव्हा वाटायचं. मी तक्रारीबद्दल तिला कधी बोललो नाही. पुढे आमचं लग्न झालं. गेल्या पौषात ती गेली.

ती गेल्यापासून मी वाचतो, पण पान उलटायला विसरतो. बोरिवलीच्या आमच्या घरात संध्याकाळी खाडीकडून वारा येतो, जेवणाच्या टेबलावर मुलीचे कागद हलतात, आणि त्या सळसळीत कोणीतरी स्वयंपाकघरातून बाहेर येतंय असं क्षणभर वाटत राहतं. मी वर बघत नाही. वर बघितलं नाही तर ती अजून येत असते.

आमच्यात भांडण एकच होतं, आणि ते शेवटपर्यंत पुरलं. मुलांच्या कॉलेजचा खर्च आईबापांनी करावा की नाही. मुलगी जन्मायच्या आधीपासून आम्ही ह्यावर भांडत होतो. माझं म्हणणं साधं होतं: सगळा करावा, आणि मुलांना कळूसुद्धा देऊ नये. मला तसंच वाढवलं होतं.

आम्ही घाटकोपरच्या चाळीत राहायचो. माझे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. गिरणी बंद झाल्यावर ते एका सोसायटीत वॉचमन झाले. मी पाण्याची बादली उचलायला गेलो की ते ती हातातून काढून घेत आणि म्हणत, "तू वाच." दळण, रेशन, घराची रंगरंगोटी, कशालाही मला हात लावू दिला नाही. माझ्या पदवीचे आणि ग्रंथपालाच्या अभ्यासक्रमाचे पैसे त्यांनी कुठून आणले हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पहिला पगार त्यांच्या हातात ठेवला, तर त्यांनी तो परत माझ्या शर्टाच्या खिशात घातला आणि वरून खिसा थोपटला. ते थोपटणं मला अजून छातीवर जाणवतं. ह्यापेक्षा मोठं प्रेम मला माहीत नव्हतं.

हे सगळं मी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुला घरात पाहुण्यासारखं ठेवलं रे त्यांनी. पाहुण्याला कोण भांडी घासू देतं?"

मी काही दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते बऱ्याच उशिरा लक्षात आलं, कारण मी एरवीही कमीच बोलतो.

तिच्या माहेरी होडी होती. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत सुकवलेली मासळी घरात साठवायची आणि आषाढात, ताजी मासळी दुर्मीळ झाली की, तिचे वाटे घालायचे. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, एकेक प्रत्येक खलाशाचा, आणि घरातल्या ज्या ज्या बाईने मासळी निवडली-सुकवली तिचाही एकेक. ज्याचा हात लागला त्याला वाटा. घरातली म्हणून कोणाला मिळत नसे, आणि बाहेरची म्हणून कोणाचा चुकत नसे. ती कॉलेजात गेली तरी पहाटे निवडायला बसायची, म्हणून तिचा वाटा चालू राहिला. तो बाजारात विकून तिची फी गेली.

"म्हणजे फी तुझ्या आईने भरली की तू?" मी एकदा विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. "वाट्यातून गेली," ती म्हणाली.

लग्नानंतर ती शाळेत शिकवायला लागली, पण दिवाळीच्या सुट्टीत दरवर्षी माहेरी जाऊन मासळी निवडायला बसायची. आषाढात तिचा वाटा पिशव्यांतून आमच्या घरी यायचा. लिफ्टमध्ये शेजारी नाकाला रुमाल लावायचे आणि ती त्यांना विचारायची, "सर्दी झालीय का हो?"

आमच्या मुलीला लहानपणापासून जिने काढायचा नाद. कागदभर जिने, गोल फिरणारे, दुमडलेले, ढगात जाऊन संपणारे. "जिना कुठे जातो ते तरी दाखव गं," तिची आई म्हणायची. "अजून ठरलं नाही," मुलगी म्हणायची. बारावीनंतर तिला आर्किटेक्चरला जायचं होतं, ह्यात कोणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ह्या आषाढात. तिचं नाव चांगल्या कॉलेजच्या यादीत लागलं, शनिवारपर्यंत प्रवेश पक्का करायचा होता, आणि ती म्हणाली, "बाबा, मी नाही घेत. मी इथेच बोरिवलीत बी.ए. करते. सकाळचं कॉलेज आहे, दुपारी क्लासमध्ये शिकवता येईल."

"फी मी भरतोय," मी म्हणालो.

"तेच तर. आर्किटेक्चर पाच वर्षं दिवसभर असतं. मला काहीच कमवता येणार नाही. सगळं तूच भरणार."

"मग भरेन की. त्यात काय?"

"आईने ह्याला कधी हो म्हटलं होतं?"

म्हटलं नव्हतं.

"ती असती तर मी तिच्याशी भांडले असते," मुलगी म्हणाली. "जिंकलेही असते. आता नाही भांडता येत. आता तिचं म्हणणं तेच राहणार ना?"

तिने कागद गोळा करून खोलीचं दार लावून घेतलं. त्या रात्री मी तिच्या आईशी मनातल्या मनात बरंच बोललो. पण गेलेल्या माणसाचं एक असतं, ते आपल्याला आधी माहीत असलेलंच उत्तर देतं.

सासूबाईंनी दुखवटा काढायला दोनदा बोलावलं होतं आणि मी दोन्ही वेळा परीक्षेचं कारण सांगून टाळलं होतं. शेवटी गुरुवारी आम्ही दोघं गेलो. बोटीत मुलगी पलीकडे तोंड करून बसली. पाऊस थांबलेला, आणि खाडी इतकी करडी की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते कळेना. मला वाटलं, ही बोट अशीच चालत राहावी. पलीकडे पोचलो नाही तर तिकडच्या घरात ती असेलही.

तिकडच्या घरात पडवीत निळं प्लास्टिक अंथरलं होतं. वाटे घालायचे होते. सासूबाईंनी मला टॉवेल-टोपी आणि मुलीला कापड दिलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "बसा जावय. आधी हे उरकते, मग जेवाय वाढते." घरात वजनकाटा होता, पण वाट्यांच्या वेळी तो कोणी काढत नसे. त्या ओंजळीने जवळा टाकत गेल्या, वर बोंबील, कडेला सोडे, आणि सारखे ढीग होत गेले. मग त्या भिंतीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसल्या. ही त्यांची रीत. वाटणाऱ्याने ढीग बघायचा नाही, म्हणजे कोणाला झुकतं माप जात नाही.

माझा मेव्हणा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायला लागला, "हा कोणाचा?"

"होडीचा," सासूबाई भिंतीला म्हणाल्या.

"हा?"

"जाळ्याचा."

मग खलाशांचे. मग सुनेचा. मग त्यांचा स्वतःचा. सून तिचा वाटा पाटीत भरायला लागली होती. शेवटचा ढीग उरला.

"हा कोणाचा?" मेव्हण्याने सवयीने विचारलं.

आणि सासूबाईंनी सवयीने माझ्या बायकोचं नाव घेतलं. लहानपणचं, फक्त त्या घरात चालणारं नाव.

मेव्हण्याचं बोट त्या ढिगावर तसंच राहिलं. बाहेर कुठेतरी पागोळी पत्र्यावर पडत होती. मला एवढंच आठवतं की मी दाराकडे पाहिलं, कारण त्या घरात हाक मारली की ती मागच्या दाराने यायची.

"आये," मेव्हणा हळू म्हणाला, "एक जास्त झाला. मोडू?"

"जास्त नाय झाला." सासूबाई अजून भिंतीकडेच बघत होत्या. "मी चुकून नाय बोलले. दिवाळीत आलेली ना ती? ह्याच पडवीत बसलेली. ह्यातलं किती तिने निवडलंय. हात लागलाय तिचा. मोडायचा नाय."

मी त्या ढिगाकडे बघत राहिलो. दिवाळीत ती चालती-बोलती होती. ह्यातला कितीतरी जवळा तिच्या बोटांतून गेला असणार, कचरा एकीकडे, मासळी एकीकडे, मधेच कोणाला तरी टोमणा. ते सगळं इथे तसंच होतं, वाळून हलकं झालेलं.

"मग कोण नेणार?" मेव्हण्याने विचारलं.

"मी नेऊ?" मुलगी म्हणाली.

सासूबाई पहिल्यांदा वळल्या. त्यांचे डोळे वाहत होते, पण आवाज बाजारातला होता. "तू? तुझ्या आयचा हाय तो. तू गो कशाला फुकट नेतेस?"

"फुकट नाही. विकून देते. मामीबरोबर बसते बाजारात."

"तुला जमंल? तिथं ओरडाय लागतं. तुझ्या बापासारखं तोंडातल्या तोंडात नाय चालत."

"ओरडेन."

"ओरड बघू."

मुलगी उभी राहिली. तिने दोन्ही हात बाजूला सरळ ठेवले, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तसे, आणि म्हणाली, "जवळा घ्या... जवळा."

मेव्हण्याची बायको पाटीवर डोकं टेकून हसायला लागली. मेव्हणा हसला. सासूबाई हसता हसता पुन्हा रडल्या. "ह्या आवाजाला मांजर पण येणार नाय," त्या म्हणाल्या, आणि तिला जवळ ओढून खाली बसवलं. मीही हसलो असेन, कारण मुलगी माझ्याकडे चमकून बघत होती.

परतीच्या बोटीत ती माझ्या बाजूला बसली. पिशव्या दोघांच्या मांडीवर. अंधार पडत होता आणि बोरिवलीचे दिवे पाण्यात लांबत चालले होते.

"बाबा," ती म्हणाली, "हे आईचं. फीमध्ये घालायचं."

"बरं."

"बाकीचं तू."

"बरं. आणि तू?"

"दिवाळीत निवडायला येते म्हटलंय आजीला. दरवर्षी." पिशवी सावरून ती म्हणाली, "आणि मी ओरडले ना."

ह्या वाट्यातून आर्किटेक्चरच्या फीचा एक कोपरासुद्धा भरणार नाही हे तिला माहीत होतं आणि मलाही. शुक्रवारी तिने प्रवेश पक्का केला.

रविवारी ती मामीबरोबर बाजारात बसली. दुपारी घरी आली तेव्हा केसांना, कुडत्याला, सगळ्यालाच तो वास. टेबलाशी मी वाचत होतो. तिने बाजारातले पैसे माझ्यासमोर ठेवले, चुरगळलेले, ओलसर. माझा हात आपोआप पुढे गेला. ते उचलून तिच्या खिशात घालायचे आणि वरून थोपटायचं, एवढंच मला येत होतं. हात तिथे पोचलाही होता. मग मी नोटा सरळ केल्या आणि आपल्या शर्टाच्या खिशात ठेवल्या.

"आवाज फुटला का?" मी विचारलं.

"मामी म्हणाली, पुढच्या वेळी कुत्रं तरी येईल."

हात न धुताच ती चित्र काढायला बसली. आईवडिलांनी फी भरावी की नाही, ह्यावर माझं मत बदललं असं मी म्हणणार नाही. तिची आई असती तर पुन्हा भांडलो असतो. पण त्या दिवशी मुलीने काढलेला जिना ती झोपल्यावर मी हातात घेतला, आणि कागदाला लिंबाचा नव्हता, नुसता जवळ्याचा वास होता. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीत चांगलं ऊन पडलं. मी तो कागद टेबलावरच राहू दिला, सावलीत.