टर्बोची गाडी, जव्हारचा चढ आणि रुईची गोधडी

ताईला सातव्या महिन्यात माहेरी आणायचं ठरलं, तेव्हा तिच्या सासूबाईंनी एकच अट घातली. एस.टी. नको, वडापची जीप नको, थंड गाडी असेल तरच पाठवीन. आमच्याकडे गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलेली, सेकंड हँड, टर्बो पेट्रोल. फक्त ती थंड राहिली नव्हती.

एप्रिलपासून बॉनेटवर हात ठेवता येत नव्हता. भिवंडीत धामणकर नाक्यावर पाच मिनिटं अडकलो की एसी गरम हवा फेकायचा. गाडी बंद केल्यावरही पंखा घरघरत राहायचा. नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये मी तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी तिथल्या उस्तादने टर्बोच्या पाइपला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली, अडीच हजार घेतले. दुसऱ्या वेळी बॉनेटच्या बिजागरीखाली वायसरच्या चकत्या घालून मागची कड वर उचलली. तिसऱ्या वेळी इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि रेडिएटरच्या कडेच्या रबरी पट्ट्या काढून टाकल्या. म्हणाला, "नीचे से हवा लगेगी, टेन्शन मत लो." मी टेन्शन घेणारा माणूस आहे. तरी दर वेळी मान डोलावून आलो.

मे महिन्यातल्या रविवारी पहाटे सहाला मी आणि आई आमच्या टेमघरहून निघालो. ताईचं सासर जव्हारला, ऐंशी-नव्वद किलोमीटर. तुम्ही जाणार असाल तर सहाच्या आधी निघा, कारण नंतर गोदामांचे कंटेनर रस्त्यावर येतात आणि मग रस्ता त्यांचा. अंबाडीला चहा-वडापाव झाला. आईला वज्रेश्वरीला हात जोडायचे होते, म्हणून वाट वाकडी केली. गरम कुंडात पाय बुडवून आई म्हणाली, "तुझ्या गाडीपेक्षा हे बरं, निदान पुण्य तरी मिळतं."

पुढे वाडा गावापर्यंतच्या रस्त्याबद्दल नीट शब्दांत लिहायचा मी प्रयत्न करतोय. खड्डा चुकवायला जागा असेल तर त्याला खड्डा म्हणता येतं. इथे आपण खड्ड्यांतूनच चालतो, मधेमधे थोडा रस्ता लागतो. तासभर पहिला गिअर, दुसरा गिअर. समोरून वारा नाही, इंजिन मात्र ओढतंय. ज्यांनी हा रस्ता केला त्यांच्या घरच्या गरोदर बाईला एकदा इथून न्यावं, एवढीच माझी मागणी आहे.

विक्रमगड सोडलं, चढ सुरू झाला आणि तापमानाचा काटा मधून वर सरकला. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला. उन्हाळ्यात हीटर लावायला वेड लागलं का, असं आईने विचारलं. इंजिनची उष्णता ओढायचा तो एक उपाय आहे. आई पदराने वारा घेत खिडकीला टेकली. एका वळणानंतर बॉनेटच्या कडेने वाफ आली. गाडी बाजूला घेतली. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, तोंड भाजतं. पाऊण तास आम्ही करवंदाच्या जाळीशेजारी बसलो. मी एकच विचार करत होतो, हे परतताना झालं असतं तर.

ताईच्या दारात पोहोचलो तेव्हाही वाफ येत होती. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग मला.

"ही थंड गाडी?"

"मावशी, चढामुळे थोडी तापली."

"चूल हाय ही. हिच्यात माझी सून बसायची न्हाय."

ताई दाराआडून माझ्याकडे बघत होती. तिने बॅग भरून ठेवली होती, ती दिसत होती.

त्यांनीच शेजारच्या रमणकाकांना बोलावलं. काका जीपगाड्यांची कामं करतात. त्यांनी पुढचा बंपर उतरवला, एसीची जाळी पुढे ओढली आणि तिच्या व रेडिएटरच्या मधल्या फटीत दोन बोटं घातली. बोटांबरोबर करड्या रंगाची एक जाड पट्टी निघाली. मग आणखी एक. पांढरी-करडी, दाबून बसलेली रुई.

"आरं, हिनं तर गोधडी पांघरली हाय. ऐन उन्हाळ्यात. कुठं ठेवतो गाडी?"

"लूमच्या कारखान्यापाशी. मी तिथेच मशीन दुरुस्तीला आहे."

"आन् साफ?"

"दर रविवारी. शिफ्ट सुटली की कारखान्याच्या पाइपने हवा मारतो."

"कुठून?"

"समोरून."

काकांनी ती पट्टी माझ्या हातात ठेवली. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आम्ही समोरूनच हवा मारतो, रुई पलीकडे उडून जाते, शेड मोकळी असते. गाडीत पलीकडे रेडिएटर आहे. दर रविवारी न चुकता मी पुढची जाळी चकचकीत केली आणि सगळी रुई आत ठासली.

काकांनी मागून, इंजिनच्या बाजूने, हलक्या धारेच्या पाण्याने रेडिएटर धुतला. बॉनेटखालचे वायसर काढले. कडेच्या पट्ट्यांच्या जागी जुन्या ट्यूबचे तुकडे बसवले, म्हणजे वारा कडेने पळून न जाता रेडिएटरमधूनच जाईल. "वाऱ्याला सोपी वाट दिली तर तो कशाला जाळीतून जाईल?" खालचं कव्हरही त्याच कामाचं असतं, ते परत लाव, म्हणाले. टर्बोची पट्टी राहू दिली. पट्टी चुकीची नव्हती, पण दुखणं तिथे नव्हतंच.

सासूबाईंचं समाधान झालं नाही. "आधी मी बसते." चपला घालून त्या मागच्या सीटवर बसल्या. मी त्यांना चढाच्या खालपर्यंत नेलं, परत वर आणलं, एसी लावून, दुपारच्या दोनच्या उन्हात. काटा मधून हलला नाही. अर्ध्या चढावर त्या म्हणाल्या, "पाठीमागं उशी दे तिला." तेव्हा मला कळलं की ताई येणार.

परत येताना ताई वाड्याच्या खड्ड्यांत पोट धरून बसली होती आणि मी बैलगाडीच्या वेगाने चालवत होतो. घरी पोहोचल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं, टर्बो निवावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती रुई पिशवीत घालून गॅरेजमध्ये गेलो. उस्तादने पिशवीत बघितलं आणि हसला. "भिवंडी में तो सबकी गाड़ी में निकलती है, भाई."

"मग तीन वेळा आलो तेव्हा का नाही सांगितलं?"

"तूने पूछा ही नहीं."

खालचं कव्हर त्याने भंगारात दिलं होतं. मी भांडलो. मला भांडता येत नाही, आवाज फाटतो, पण भांडलो. माझी चूक माझी आहे, ती मी वर लिहिली. पण ज्याला दुखणं माहीत आहे, त्याने विचारायची वाट बघत पट्ट्या गुंडाळाव्यात, हे मला पटत नाही. म्हणून हे सगळं लिहिलं. लूमच्या वस्तीत गाडी ठेवत असाल तर हवा मागून मारा, आणि गॅरेजवाल्याला आधी बंपर उतरवायला लावा.

ताई आतल्या खोलीत पाय वर करून झोपते. परवा म्हणाली, "आता जाऊ दे ना रे. मी आले ना नीट?"

नीट आली, कारण तिची सासू माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती.